हिरव्या सळ्या आणि मायक्रॉनचा हिशेब

समुद्राकाठी एखाद्या मोठ्या पुलाचे काम सुरू असेल, तर तेथे एक दृश्य हमखास दिसते. रस्त्याच्या कडेला, बहुधा उघड्यावरच, हिरव्या रंगाच्या सळ्यांचे ढीग रचलेले असतात. हा हिरवा रंग शोभेचा नाही. कारखान्यात पोलादी सळई सव्वादोनशे अंश सेल्सिअसच्या आसपास तापवून तिच्यावर इपॉक्सीची भुकटी उडवली जाते. भुकटी वितळते, पसरते आणि पाहता पाहता घट्ट होऊन सळईला चिकटते. मिलिमीटरच्या एक ते तीन दशांश जाडीच्या या थराने खाऱ्या पाण्यातील क्लोराइडला पुढील कित्येक दशके पोलादापर्यंत पोहोचू देऊ नये, अशी अपेक्षा असते.

त्या ढिगापाशी जरा थांबून पाहावे. सळ्या महिनोन्‌महिने उन्हात पडून असतात. क्रेनने उचलताना आणि जमिनीवरून ओढताना त्या खरचटतात. वाकवण्याच्या बाकावर त्यांना नव्वद किंवा एकशे पस्तीस अंशांत मुरडले जाते, तेव्हा वाकाच्या बाहेरच्या अंगाला लेप ताणला जातो आणि कधी केसाएवढी भेग पडते. मग साध्या बाइंडिंग तारेने त्या एकमेकींना करकचून बांधल्या जातात आणि काँक्रीट ओतताना व्हायब्रेटरचे लोखंडी टोक त्यांच्यावर आपटत राहते. हे सारे होण्याआधी, सळ्या कारखान्यातून आल्या त्या दिवशी, कोणीतरी जाडीमापक लावून पाहिलेले असते. आकडा बरोबर असतो. कागदोपत्री लेप उत्तीर्ण होतो.

कागदावरचा लेप आणि काँक्रीटमध्ये गाडला जाणारा लेप यांतील हे अंतर म्हणजे आपल्या पायाभूत सुविधांच्या धोरणातील एक दुर्लक्षित प्रश्न आहे. ते अंतर कमी करण्याचे एक साधन रसायनशास्त्राने बरेच आधी शोधून ठेवले आहे. योग्य रेणूंची थोडी भर घातली, तर इपॉक्सी अधिक बळकट किंवा अधिक चिवट होऊ शकते, आणि ओल्या पृष्ठभागालाही अधिक काळ धरून राहू शकते. मात्र या तिन्ही गोष्टी एकाच रेणूने साधत नाहीत आणि आपल्या निविदा या तिन्हींपैकी एकीचीही नीट चौकशी करत नाहीत.

रक्कम किती मोठी आहे, हे आधी पाहू. गंज-अभियंत्यांच्या ‘नेस’ या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१६ मध्ये केलेल्या अभ्यासानुसार गंजामुळे जगाचे होणारे नुकसान सकल उत्पादनाच्या ३.४ टक्के होते. उपलब्ध असलेले ज्ञान नीट वापरले, तर त्यातील १५ ते ३५ टक्के नुकसान टाळता येईल, असेही त्या अभ्यासाने म्हटले. म्हणजे नवा शोध लागण्याची वाट न पाहता, हाती असलेल्या ज्ञानावरच हे साधता येते. भारताच्या किनाऱ्याची लांबी जुन्या मोजणीप्रमाणे ७,५१६ किलोमीटर होती; अधिक बारकाईने केलेल्या नव्या मोजणीत ती ११,०९८ किलोमीटरवर गेली. त्या किनाऱ्यावर बंदरे, पूल, किनारी रस्ते आणि वायूचे टर्मिनल उभे राहत आहेत. देशभर जमिनीखालून जाणाऱ्या वायुवाहिन्यांच्या पोलादालाही सर्वांत आतला थर बहुधा इपॉक्सीचाच असतो.

गंजावरचा भारतीय लेख दिल्लीच्या लोहस्तंभाला प्रदक्षिणा घातल्याशिवाय पुढे सरकत नाही, अशी रीत आहे. येथे ती मोडलेली बरी. कोरड्या दिल्लीतला सोळा शतकांपूर्वीचा तो स्तंभ मंडपमच्या किंवा मालवणच्या खाऱ्या वाऱ्याबद्दल आपल्याला फारसे काही शिकवत नाही. १९८६ हे वर्ष मात्र बरेच शिकवते.

त्या वर्षी ५ जुलैला पणजीचा मांडवी पूल कोसळला. १९७० मध्ये वाहतुकीस खुला झालेला तो पूल उणीपुरी सोळा वर्षे टिकला. त्याच्या पूर्वताणित काँक्रीटमधील पोलादी तारा आतल्या आत गंजल्या होत्या. ज्या पिढीने फेरीबोटीतून मांडवी पुन्हा ओलांडली, तिला ते वर्ष आठवत असेल. त्याच वर्षी पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला, अमेरिकेतील फ्लोरिडा कीज या बेटमालिकेत, ‘सेव्हन माइल’ आणि ‘लाँग की’ यांसारख्या पुलांच्या खांबांवर गंजाचे डाग आणि तडे दिसू लागले. ते पूल जेमतेम काही वर्षांचे होते. मांडवी पुलात इपॉक्सी नव्हती. फ्लोरिडाच्या पुलांत ती होती, आणि अभियंत्यांना धक्का बसला तो याच कारणाने.

इपॉक्सीलेपित सळ्यांचा पहिला पूल १९७३ मध्ये पेनसिल्व्हेनियात शुइलकिल नदीवर झाला होता. तेथील शत्रू होता हिवाळ्यात बर्फ वितळवण्यासाठी रस्त्यावर टाकले जाणारे मीठ. ते वरून झिरपते, वर्षातून काही महिनेच झिरपते आणि पुलाच्या तक्तपोशीत मुरते. हाच उपाय जसाच्या तसा उष्ण समुद्रात नेला गेला. तेथे खांबाचा भरती-ओहोटीचा पट्टा दिवसातून दोनदा भिजतो, वाळतो आणि प्रत्येक वेळी थोडे मीठ मागे ठेवतो. ओलाव्यामुळे लेपाची पोलादावरची पकड सैल झाली. वाकवलेल्या सळ्यांवर ती आधीच कमजोर होती. एखाद्या टाचणीएवढ्या छिद्रातून शिरलेले क्लोराइड लेपाच्या खालून पसरत गेले आणि लेप वरून अखंड दिसत असताना आत पोलाद खाल्ले जात राहिले. फ्लोरिडाने पुढे अशा सळ्यांचा वापर सोडून दिला.

भारतीय मानक ब्युरोने इपॉक्सीलेपित सळ्यांसाठीचे आयएस १३६२० हे मानक १९९३ मध्ये, म्हणजे फ्लोरिडाचा धडा जगजाहीर झाल्यानंतर, प्रसिद्ध केले. त्यात जाडी, अखंडता, वाकवण्याची चाचणी, पकड, आघात, रसायनांचा परिणाम अशा अनेक कसोट्या आहेत. मानक वाईट नाही. अडचण व्यवहारात आहे. यांतील अवघड कसोट्या भुकटीला मान्यता देताना, ताज्या आणि कोऱ्या नमुन्यावर, एकदा होतात. रोजच्या कामात उरतात त्या जाडी आणि छिद्रे मोजण्याच्या कसोट्या. सळई दोन महिने उन्हात पडली, वाकवली गेली, भिजली, आणि मग तिच्यावरचा लेप किती पकडून आहे, हा प्रश्न कोणी विचारत नाही.

आता थोडे रसायन समजून घेऊ, कारण त्याविना पुढचा मुद्दा पटणार नाही.

अॅराल्डाइटच्या दोन नळ्या बहुतेक घरांनी पाहिलेल्या आहेत. एकीत रेझिन, दुसरीत हार्डनर. स्वित्झर्लंडचे पिएर कास्ताँ आणि अमेरिकेचे सिल्व्हन ग्रीनली यांच्या काळापासून, म्हणजे १९३० आणि १९४० च्या दशकांपासून, तत्त्व तेच आहे. बिस्फेनॉल-ए आणि एपिक्लोरोहायड्रिन यांच्या संयोगातून रेझिनचा रेणू बनतो. त्याच्या दोन्ही टोकांना तीन अणूंचे एक ताणलेले कडे असते. हार्डनरमधील अमाइन ते कडे उघडते आणि रेणू एकमेकांना जोडले जाऊन एक त्रिमितीय जाळे तयार होते. एकदा विणले गेलेले हे जाळे पुन्हा वितळत नाही. इपॉक्सीचे सारे गुण या जाळ्यात आहेत आणि तिचा मुख्य अवगुणही त्यातच आहे. जाळे जितके घट्ट, तितकी इपॉक्सी कणखर आणि तितकीच ठिसूळ. भेग एकदा सुरू झाली की तिला अडवणारे आत काही नसते.

येथे दोन शब्दांत गल्लत होऊ देता कामा नये. ताकद म्हणजे तुटेपर्यंत किती भार सोसेल. चिवटपणा म्हणजे भेग पडल्यावर ती पुढे सरकवायला किती ऊर्जा लागेल. काचेच्या तावदानाला पहिला गुण बराच आहे, दुसरा जवळजवळ नाही. कातड्याच्या वादीचे उलटे आहे. पुलाच्या सळईवरील लेपाला दोन्ही हवेत. नेमके हे दोन गुण परस्परांशी भांडतात.

चिवटपणाचा जुना उपाय म्हणजे रबर. १९६० च्या दशकाच्या अखेरीस आणि १९७० च्या दशकात अमेरिकेच्या एमआयटीतील फ्रेडरिक मॅकगॅरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की टोकांना रासायनिक हात असलेले द्रवरूप रबर इपॉक्सीत मिसळले, तर आधी ते विरघळते. जाळे विणले जाऊ लागताच मात्र ते बाहेर ढकलले जाऊन सूक्ष्म गोळ्यांच्या रूपात सर्वत्र विखुरते. पुढे सरकणारी भेग या गोळ्यांपाशी येते, गोळ्या आतून फाटून पोकळ होतात, भोवतालची इपॉक्सी ताणली जाते आणि भेगेची ऊर्जा तेथेच खर्ची पडते. भेगेला होणारा विरोध अशा रीतीने अनेक पटींनी वाढतो. किंमत मोजावी लागते ती कणखरपणात: रबर मिसळलेली इपॉक्सी थोडी मऊ होते. पुढे आलेल्या, कठीण कवच आणि रबरी गाभा असलेल्या कणांनी ही किंमत कमी केली. पूर्ण टाळली नाही.

दुसरा उपाय अधिक विलक्षण आहे आणि त्याची चर्चा रसायनज्ञांच्या वर्तुळाबाहेर फारशी झालेली नाही. प्लॅस्टिकमध्ये लहान रेणू मिसळला की ते मऊ होते, हे आपण रेनकोटपासून पाण्याच्या पाइपपर्यंत रोज पाहतो. पण १९६० च्या दशकात अमेरिकेच्या ईस्टमन कंपनीतील जॅक्सन आणि कॉल्डवेल यांना पॉलिकार्बोनेटमध्ये उलटा परिणाम दिसला. काही विशिष्ट लहान रेणू मिसळल्यावर ते अधिक ताठ झाले. दोन दशकांनंतर, १९८० च्या दशकात, कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेतील गार्टन, डेली आणि सहकाऱ्यांनी हेच इपॉक्सीत साधले. फिनाइल ग्लिसिडिल ईथर आणि हायड्रॉक्सिअॅसिटॅनिलाइड यांच्या अभिक्रियेतून त्यांनी एक पूरक द्रव्य बनवले; शंभर भाग रेझिनमागे साधारण वीस भागांपर्यंत ते घातले की अमाइनने घट्ट होणाऱ्या इपॉक्सीची ताणशक्ती आणि ताठपणा दोन्ही ठळकपणे वाढले. या द्रव्यांना ‘फॉर्टिफायर’ हे नाव मिळाले. बळवर्धक म्हणू या.

हे घडते कसे? घट्ट झालेल्या जाळ्यातही रेणूंच्या मध्ये रिकाम्या फटी राहतात आणि साखळ्यांचे छोटे तुकडे त्या फटींत हलत असतात. बळवर्धकाचा रेणू नेमका त्या फटींत बसतो आणि हायड्रोजन-बंधांनी साखळीला धरून तिची ती किरकोळ हालचाल थांबवतो. दगडी बांधकामात मोठ्या दगडांच्या सांध्यांत चिपा ठोकतात, तसे काहीसे. फटी भरल्यामुळे लहान रेणूंना आत शिरायला वाटही कमी उरते, आणि गंजरोधक लेपासाठी हा लाभ ताकदीइतकाच मोलाचा ठरू शकतो.

मात्र येथे एक मेख आहे आणि ती भारताच्या दृष्टीने कळीची आहे. हा पाहुणा रेणू जाळ्याचा कायमचा सदस्य नसतो. साध्या तापमानाला तो साखळीला जखडून ठेवतो, पण तापमान वाढले की तोच वंगणासारखा वागू लागतो. परिणामी इपॉक्सी काचेसारखी कडक असण्यापासून रबरासारखी मऊ होण्यापर्यंतचा बदल ज्या तापमानाला होतो, ते तापमान खाली येते. ओटावात याची चिंता करण्याचे कारण कमी. पण मे महिन्यात उन्हात तापलेल्या पोलादाचा पृष्ठभाग साठ अंश सहज ओलांडतो, आणि जागेवर थंड अवस्थेत लावलेल्या अनेक इपॉक्सी रंगांची कडकपणाची मर्यादा त्याच्या फारशी वर नसते. कॅनडातील प्रयोगशाळेत उत्तम ठरलेले द्रव्य रामेश्वरमला उन्हात नांगी टाकू शकते. काँक्रीटच्या आत सावलीत राहणाऱ्या सळईवर मात्र तेच चालून जाईल. पूरक द्रव्याची निवड हा हवामानाचाही प्रश्न आहे, तो असा.

तिसऱ्या जातीचे रेणू ताकदीशी किंवा चिवटपणाशी फारसा संबंध ठेवत नाहीत; ते सांधा जोडतात. सिलेन या कुटुंबातील रेणूंचे एक टोक पोलादावरील ऑक्साइडला धरते, दुसरे इपॉक्सीच्या जाळ्यात विणले जाते. कोरड्या अवस्थेत इपॉक्सी कशालाही चिकटते. त्यासाठी सिलेनची गरज नाही. खरी परीक्षा पाणी सांध्यापर्यंत पोहोचल्यावर होते, कारण पाणी पोलादाशी इपॉक्सीहून अधिक सलगी करते आणि तिला बाजूला सारते. फ्लोरिडात घडले ते हेच. मला विचाराल तर किनारी पुलांसाठी या तिन्हींपैकी सर्वांत आधी ओल्या पकडीकडे लक्ष द्यायला हवे. ग्राफीनच्या नावाने भरणारी चर्चासत्रे ऐकताना या साध्या, स्वस्त रेणूची आठवण फार क्वचित निघते.

या तिन्ही उपायांतील तडजोड समजली की एक व्यावहारिक गोष्टही उलगडते. वाकवण्याआधी लेप द्यायचा तर तो लवचीक हवा आणि लवचीकपणासाठी इतर गुणांत काहीतरी सोडावे लागते. अमेरिकेत म्हणूनच दोन वेगळी मानके आहेत. एएसटीएम ए७७५ हे आधी लेप देऊन मग वाकवायच्या सळ्यांसाठी. त्यांचा रंग हिरवा. एएसटीएम ए९३४ हे आधी कापून-वाकवून मग लेप द्यायच्या सळ्यांसाठी. त्यांचा लेप बहुधा जांभळा किंवा राखाडी. दुसऱ्या प्रकारात लेपाला वाकण्याची सक्ती नसल्याने तो अधिक कठीण आणि अधिक घट्ट पकडीचा बनवता येतो. आपल्याकडे सगळा व्यवहार हिरव्या रंगाभोवती फिरतो. त्याचे कारण सोयीचे आहे: सरळ सळ्या ट्रकमध्ये नीट रचता येतात, वाकवलेल्या जागा खातात.

आणि ऊन. आयआयटी मद्रासमधील दीपक कामदे आणि राधाकृष्ण पिल्लै यांनी २०२० मध्ये ‘करोजन’ या नियतकालिकात इपॉक्सीलेपित सळ्यांवर सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांचा काय परिणाम होतो, याचा अभ्यास प्रसिद्ध केला. उन्हात राहिलेल्या लेपाची क्लोराइडला रोखण्याची क्षमता घटते, असे त्यात दिसले. इपॉक्सीच्या जाळ्यातील बिस्फेनॉलची बेंझिन-कडी अतिनील किरणे शोषतात आणि तेथून जाळे तुटू लागते. पृष्ठभाग खडूसारखा भुरभुरतो. उघड्या पोलादी पुलांवर इपॉक्सीवर नेहमी दुसऱ्या द्रव्याचा थर देतात तो यासाठीच. सळ्यांवर मात्र दुसरा थर नसतो. त्यांचे संरक्षण ताडपत्रीने करायचे असते आणि ताडपत्रीला निविदेत स्वतंत्र रक्कम क्वचितच असते.

याच संशोधकांनी सिमेंट-पॉलिमर लेपाच्या सळ्यांचाही अभ्यास केला आहे. हा पर्याय देशीच आहे. कराईकुडीच्या केंद्रीय विद्युत-रासायनिक संशोधन संस्थेने सिमेंटआधारित गंजरोधक लेप विकसित केला आणि तो भारतीय पुलांवर बराच वापरला गेला. जागेवर गंजलेली सळई नीट न घासता लेप फासला, तर तोही निकामी ठरतो, असा त्या अभ्यासाचा निष्कर्ष होता. लेप विदेशी असो की देशी, आपल्या कामाच्या ठिकाणची शिस्त दोघांनाही सारखीच वागवते.

या संस्थेचे सागरी गंज चाचणी केंद्र मंडपमला आहे. तेथून पांबनचा पूल हाकेच्या अंतरावर. फ्लोरिडानंतर जगात सर्वाधिक गंज पांबनला चढतो, असे वारंवार छापून येते. अशा क्रमवाऱ्या सैलसरच असतात, पण फ्लोरिडाशी बरोबरी लावण्यात अजाणतेपणी एक शहाणपण आहे. जुना पांबन पूल १९१४ चा. १९६४ च्या डिसेंबरातील चक्रीवादळातून तो सावरला. मात्र २०२२ च्या डिसेंबरात त्यावरची रेल्वे कायमची थांबवावी लागली. नवा पूल ६ एप्रिल २०२५ रोजी खुला झाला. २.०८ किलोमीटर लांबी आणि वर उचलला जाणारा ७२.५ मीटरचा गाळा ही त्याची वैशिष्ट्ये सर्वत्र छापली गेली. त्याहून महत्त्वाची गोष्ट तपशिलात आहे. त्याच्या काँक्रीटमध्ये स्टेनलेस पोलादाच्या सळ्या आहेत आणि उघड्या पोलादावर सर्वांत वर पॉलिसिलॉक्सेनचा थर आहे. पूल खुला होण्याआधी रेल्वे सुरक्षा आयुक्तांनी गंजापासून संरक्षणाचा मुद्दा उपस्थित केला होता, हेही नोंदवायला हवे.

पांबनला रेल्वेने इपॉक्सीलेपित सळईवर विसंबायचे टाळले. ते योग्यच केले. पण स्टेनलेस सळई साध्या सळईच्या कित्येक पट महाग पडते. राष्ट्रीय प्रतिष्ठेच्या पुलाला ती परवडते. कोकणातल्या, ओडिशातल्या किंवा केरळच्या खाडीवरच्या जिल्हा मार्गाच्या पुलाला परवडत नाही. देशातले बहुसंख्य किनारी पूल या दुसऱ्या जातीचे आहेत आणि सुधारित इपॉक्सीची खरी गरज तेथेच आहे.

मग सुधारित इपॉक्सी बाजारात का दिसत नाही? ‘संशोधनाला पैसा नाही’ हे नेहमीचे उत्तर आता पुरत नाही. अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानचा कायदा २०२३ मध्ये झाला; त्यासाठी पाच वर्षांत ५० हजार कोटींचे उद्दिष्ट ठेवले गेले. १ जुलै २०२५ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने खासगी क्षेत्रातील संशोधनासाठी एक लाख कोटींची योजना मंजूर केली. कच्च्या मालाचेही चित्र बदलते आहे. एपिक्लोरोहायड्रिनसाठी भारत आयातीवर अवलंबून होता. २०२२ मध्ये गुजरातेत दहेजला ग्लिसरीनपासून ते बनवणारा कारखाना सुरू झाला. रेझिन बनवणारे मोठे कारखाने वलसाड आणि भरुच जिल्ह्यांत आहेत. पैसा, माल आणि ज्ञान यांची अगदीच वानवा नाही.

वानवा आहे ती ग्राहकाची. सळ्यांचा आणि रंगांचा सर्वांत मोठा ग्राहक सरकार आहे, आणि सरकार सर्वांत कमी बोलीला माल घेते. एखाद्या उत्पादकाने भुकटीत सिलेन घातले, रबरी गाभ्याचे कण घातले, तर त्याची किंमत किलोमागे काही रुपयांनी वाढेल. त्या बदल्यात त्याच्या लेपाची ओली पकड दुपटीने टिकली तरी निविदेत तो गुण लिहायला रकाना नाही. रकाना मायक्रॉनचा आहे. मग शहाणा उत्पादक काय करील? तेवढीच जाडी सर्वांत स्वस्तात कशी बसवता येईल, ते पाहील. त्यासाठी भुकटीत स्वस्त भरड खनिज वाढवणे हा मार्ग मोकळा असतो. जाडीमापकाला ते खनिज आणि इपॉक्सी यांतला फरक कळत नाही.

केंद्रीय अर्थ मंत्रालयाने २९ ऑक्टोबर २०२१ रोजी काढलेल्या सूचनांनी या चौकटीला एक खिडकी पाडली. काही कामांसाठी गुणवत्ता आणि किंमत यांचे एकत्रित मूल्यमापन करता येईल आणि गुणवत्तेला ३० टक्क्यांपर्यंत वजन देता येईल, असे त्यात म्हटले आहे. ही खिडकी वापरायला अधिकारी बिचकतात, आणि त्यांना दोष देणे सोपे असले तरी न्याय्य नाही. गुणवत्तेला गुण द्यायचे तर मोजता येईल असा आकडा लागतो. नाहीतर उद्या लेखापरीक्षक विचारील की हा महाग माल का घेतला. असा आकडा देणाऱ्या चाचण्या जगात आहेत: लेप गरम खाऱ्या पाण्यात ठरावीक दिवस बुडवून मग त्याची पकड मोजणे, मुद्दाम ओरखडा पाडून त्याखाली गंज किती मिलिमीटर पसरला ते पाहणे, आणि वाकवलेल्या सळईवर याच गोष्टी पुन्हा करणे. त्यांना महागडी यंत्रे लागत नाहीत, वेळ लागतो. आणि वेळ ही गोष्ट उद्घाटनाची तारीख आधी ठरलेल्या प्रकल्पात सर्वांत दुर्मीळ असते.

दायित्वाचे गणितही असेच उलटे बसवलेले आहे. कंत्राटदाराचा दोषदायित्वाचा काळ काही वर्षांत संपतो. क्लोराइड काँक्रीटच्या आवरणातून सळईपर्यंत पोहोचायला त्याहून अधिक काळ घेते. लेप फसल्याचे कळते तेव्हा कंत्राट बंद झालेले असते, अभियंता बदलून गेलेला असतो आणि दुरुस्तीचे पैसे राज्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्याच्या वेगळ्याच शीर्षाखाली शोधावे लागतात.

या मांडणीवर एक रास्त आक्षेप आहे. प्रत्येक नवे द्रव्य आपल्याबरोबर नवी शंका आणते. युरोपीय संघाने बिस्फेनॉल-एवर, खाद्यपदार्थांच्या संपर्कात येणाऱ्या वस्तूंपुरती, २०२४ च्या अखेरीस बंदी जाहीर केली आणि त्यात डब्यांच्या आतले इपॉक्सी लेपही आले. पुलाच्या सळईला तो नियम लागू नाही, पण जाळ्यात बांधले न जाणारे लहान रेणू हळूहळू बाहेर पाझरू शकतात, ही शंका बळवर्धकांबाबत विचारलीच पाहिजे. पिण्याच्या पाण्याच्या टाक्यांना आतून द्यायच्या लेपांत तर आधी तिचे उत्तर हवे आणि मगच द्रव्य. जाळ्याशी स्वतः जोडले जाणारे रेणू या बाबतीत अधिक सुरक्षित आहेत, म्हणून सुरुवात त्यांच्यापासून व्हावी.

पालघर जिल्ह्यात डहाणूजवळ वाढवण बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजी झाली. मंजूर खर्च ७६,२२० कोटी रुपये. बंदराला विरोध करणाऱ्या मच्छीमारांचे प्रश्न वेगळे आणि मोठे आहेत. ते या लेखाच्या कक्षेत बसत नाहीत. पण बंदर होणारच असेल, तर तेथे समुद्रात भराव, धक्के आणि खांब उभे राहतील आणि लाखो सळ्या अरबी समुद्राच्या भरती-ओहोटीच्या पट्ट्यात गाडल्या जातील. त्या कामांच्या निविदांत तीन ओळी वाढवता येतील. लेपित सळ्या वापरायच्या असतील तर त्या आधी वाकवून मग लेपित कराव्यात. लेपाची ओली पकड आणि ओरखड्याखालील गंज वाकवलेल्या नमुन्यावर मोजून तो आकडा बोलीसोबत द्यावा. आणि प्रत्येक लेपाचे नमुने मंडपमच्या केंद्राबरोबरच वाढवणच्या किनाऱ्यावरही टांगून त्यांचे निष्कर्ष दरवर्षी जाहीर करावेत, म्हणजे पुढच्या पुलाच्या अभियंत्याला पेनसिल्व्हेनियाच्या बर्फावरून आपल्या समुद्राचा अंदाज बांधावा लागणार नाही.